उलट्या आट्यांचा नट

आण्णाच्या जाण्याचा निरोप आला तेव्हा मी तेरखेड्याच्या शाळेत तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. आमच्या येडशीहून आलेला शेजारी दारात उभा राहिला आणि म्हणाला, काविळीनं घात केला बाई, तुमचा भाऊ गेला. मी वर्गाला सुट्टी दिली, पिशवी भरली आणि एसटी धरली. वाटेत डोळ्यांतून टिपूस आलं नाही. याला आता महिना होऊन गेला. भेटायला येणारा जो तो एकच सांगतो : बापामागं भावानं शिकवलं, मास्तरीण केलं, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. म्हणून हे लिहायला बसले.

निजामाचं संस्थान विलीन झालं, उर्दू शाळा मराठी झाल्या आणि गावोगाव शिकवायला बाया मिळेनात, तेव्हाची गोष्ट. मी सातवी पास होते. उस्मानाबादला मास्तरणींच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला. वडील नव्हते, घरात आई, मी आणि थोरला आण्णा. तो तहसिलीत कारकून. आण्णाची एक खोड होती, तो कशालाच तोंडानं नाही म्हणायचा नाही. मला म्हणाला, जा की, कोण अडवतंय? पण वसतिगृहात राहायचं नाही आणि एसटीत परक्या माणसांच्या मांडीला मांडी लावून जायचं नाही. गाडी झाली की मी सोडत जाईन रोज.

गाडी म्हणजे निजामाच्या एका जुन्या अंमलदारानं जाताना विकलेली मोटरसायकल. ती आमच्या पडवीत सुटी होऊन पडली होती. आण्णानं एकेक भाग घासून, पुसून पुन्हा बसवत आणलाही होता. अडलं फक्त गिअरच्या पेटीपाशी. पेटीतून तेल गळायचं, ते थांबवायला चेनचं पुढचं दातेरी चक्र काढावं लागणार, आणि त्या चक्राचा नट काही केल्या हलेना. आण्णा कचेरीतून आला की बाह्या सारून बसायचा. मी दोन्ही हातांनी मागचा ब्रेक दाबून धरायचे, चाक फिरू नये म्हणून. तो पान्याला लोंबकळायचा, घासलेट ओतायचा, हातोडा घालायचा आणि मग माझ्यावरच ओरडायचा, "घट्ट धर की! खायला काय कमी पडतंय का तुला?" माझ्या तळव्यांना फोड आले. मी तरी धरून बसायचे, कारण तो नट सुटला की मी सुटणार होते. हजर व्हायची मुदत संपत आली होती. आणि वाशीकडच्या एका बिजवराचं स्थळ घेऊन मामा दोनदा येऊन गेला होता... दोन पोरांचा बाप, शेत मात्र भरपूर. आण्णा त्यालाही नाही म्हणाला नव्हता.

एका दुपारी तो कचेरीत असताना मीच पाना घेतला. ब्रेक सुंभानं करकचून बांधला. आण्णा पाना लावायचा त्या अंगाला ज्वारीची कणगी होती, मला उभं राहायला जागा मिळेना. म्हणून मी पाना पलीकडच्या अंगाला वळवून लावला, भिंतीला धरलं आणि त्याच्यावर चढून उभी राहिले. कट्ट आवाज झाला. मला वाटलं, मोडलं! खाली बघते तर नट फिरला होता. दुसऱ्या नटांना जे आवळणं, ते याला सोडणं होतं. उलट्या आट्यांचा नट होता तो. मी पडवीत एकटीच हसत सुटले.

संध्याकाळी तो नट तळहातावर घेऊन मी न्हाणीपाशी गेले. आण्णा पाय धूत होता. म्हटलं, "आण्णा, याचे आटे उलटे आहेत."

त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. "ठाऊक हाय मला," म्हणाला.

आत आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं... रोज संध्याकाळी हा माणूस नट आणखी आवळत होता, आणि मी खुळी, तो सुटावा म्हणून जीव खाऊन ब्रेक धरत होते. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे पाय पुसत म्हणाला, "मुदत गेली की तूच गप बसशील. तुझं भलंच बघतोय."

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी गेले. एका कडेला एक म्हातारी आणि एका कडेला पटकेवाला बाबा होता, कुणाच्या मांडीनं माझं काही बिघडलं नाही. पुढच्याच रविवारी आण्णा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन वसतिगृहात हजर! तिथल्या बाईंना सांगत होता, बहिणीच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं हो. मी शेजारी उभी. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुढं मला पहिली नेमणूक मिळाली, त्याचं लग्न झालं, पोरगा झाला, आई गेली. हा मात्र जाईल तिथं हेच सांगत राहिला. गाडी त्यानं कधी पुरी केली नाही.

दहाव्याला रामलिंगाच्या ओढ्यावर पिंड ठेवला. कावळे होते, पण एकही खाली उतरेना. चुलत्यांनी पोराला सांभाळायचा शब्द दिला, वहिनीनं घर राखायचा. ऊन चढलं. मग वहिनी माझ्यापाशी आली. तिच्यावर माझा राग नाही, पोर गुणाची आहे. माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, 'तुमीच मला शिकवलं' एवढं त्यांना म्हणा. त्यांचा जीव त्यातच अडकलाय."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी उठून पिंडापाशी गेले, हात जोडले. म्हटलं, "आण्णा, तुम्ही मला शिकवलं नाही. तुम्ही मला अडवलं. मी माझी गेले."

कावळा काही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोललेली नाही. तिचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, मेलेल्यासाठीसुद्धा नाही.