दोनची कूस

"बघितलं कुणी पण?" हा प्रश्न सिस्टर कुणालाही विचारायच्या. शेजारच्या लग्नात वरमाय सांगत होती की आमचा मुलगा पुण्यात फार मोठ्या हुद्द्यावर आहे. सिस्टरनी हातातला घास थांबवला आणि म्हणाल्या, "बघितलं कुणी पण?" वरमाय दुसऱ्या पंगतीकडे वळली. सिस्टरना टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. अशा माणसांना फार कुणी जेवायला बोलवत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

दुसरी गोष्ट, त्या बसत नसत. माझ्या ओसरीवर चार खुर्च्या आहेत. सिस्टर चहा उभ्यानं प्यायच्या. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायच्या, परत यायच्या, मध्येच उंबऱ्याशी थांबून घड्याळ बघायच्या. "बसा हो," म्हटलं की म्हणायच्या, "बसलं की झोप येती, सर." त्या गेल्या की मलाच दमल्यासारखं व्हायचं.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात, त्या पुरुषांच्या वॉर्डच्या प्रमुख होत्या. गावाचं नाव सांगत नाही. दवाखाने सगळीकडे सारखेच. बदल्या फक्त माणसांच्या होतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. पन्नाशीच्या जवळ येऊन सिस्टर नर्सिंगमध्ये पीएचडी करत होत्या आणि त्यांची आकडेमोड माझ्याकडे होती. पदवी मिळाली तर त्यांना नर्सिंग कॉलेजात मुलींना शिकवायला मिळणार होतं. या एकाच गोष्टीविषयी बोलताना त्या थोडा वेळ एका जागी उभ्या राहायच्या.

विषय साधा होता. लकव्याचा किंवा मोडलेल्या खुब्याचा माणूस अंथरुणाला खिळला की दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. नाही बदलली तर पाठ लाल होते, मग चिघळते, आणि पुढचं बघवत नाही. हे सगळ्या नर्सना शिकवलेलं असतं. सिस्टरचा प्रश्न एवढाच होता: नव्यानं प्रशिक्षण दिलं आणि तक्ता खाटेलाच लावला, तर कूस खरोखर बदलली जाते का? सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य पाऊण पानाचं झालं होतं. ते गाईडनी केलं होतं.

हा विषय का घेतला, असं मी एकदा विचारलं. त्या वालूरकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, आणि घरी निजून असलेल्या आज्याजवळ ही दहा वर्षांची पोर राहायची. "पाणी पाजायचे, भाकर चुरून द्यायचे. पालटायचं असतं हे ठावंच नव्हतं, सर," एवढंच बोलल्या आणि पुन्हा खांबाकडे चालू लागल्या.

संशोधन पद्धतीच्या एका कार्यशाळेला मीही त्यांच्याबरोबर परभणीला गेलो होतो. समईची वात पाचव्या काडीला पेटली. मग एका तज्ज्ञांनी दुपारपर्यंत विश्वासार्हतेवर भाषण केलं. प्रश्नोत्तरांत सिस्टर उठल्या. म्हणजे उभ्याच होत्या, मागच्या दाराशी.

"सर, तक्ता भरणारी बाई थकलेली असंल तर त्याला काय म्हणायचं?"

"ती अभ्यासाची मर्यादा. शेवटच्या प्रकरणात टाका."

"शेवटच्या?"

"हो, शेवटच्या. पुढचा प्रश्न?"

येताना रेल्वेत मानवत रोड येईपर्यंत त्या दारापाशी उभ्या होत्या. जागा रिकामी होती.

वर्षभराचे तक्ते जमले. ते गठ्ठे मी घरी आणले, आकडे भरले, आणि जे कोष्टक निघालं ते पाहून मला माझ्या तरुणपणाची आठवण झाली. इतकं देखणं कोष्टक मी पाठ्यपुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. प्रशिक्षणाआधी निम्मेअधिक घरं रिकामी. नंतर दर दोन तासांनी, सहीसकट, सगळी भरलेली. मी छापील पान त्यांच्यासमोर धरलं. आयुष्यभर भपक्याला नावं ठेवणारा मी, त्या पानाला भुललो होतो.

सिस्टरनी ते बराच वेळ पाहिलं.

"लय गोड दिसायलंय, सर. भ्याव वाटायलंय."

"भ्याव कसलं? पेढे आणा."

"पाठी तर लालच दिसायल्यात. मग एवढ्या कुशी गेल्या कुठं?"

त्या दिवशी प्रथमच त्या माझ्या ओसरीवर बसल्या, खुर्चीवर नाही, जमिनीवर. गठ्ठे सोडून एकेक कागद बघत गेल्या. तासाभरानं एक कागद माझ्यापुढे ठेवला. सात नंबरची खाट. सकाळी आठ, डावी कूस. दहा, उजवी. बारा, डावी. दोन, चार, सहा, सगळं भरलेलं, खाली सह्या.

"मग?" मी म्हणालो.

"हा माणूस साडेदहाला वारला, सर. हनुवटी मीच बांधली होती."

तो माणूस माझ्या कोष्टकात होता. मरणानंतर चार वेळा कूस बदललेला.

दुसऱ्या दिवशी मी छापील पानं द्यायला वॉर्डात गेलो, तेव्हा सिस्टर तो कागद घेऊन टेबलाशी उभ्या होत्या. समोर तीन तरुण नर्स. तिघीही कंत्राटी.

"हे कवा लिहिलं गं?"

एकीनं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. "सकाळीच लिहून ठेवतो ना ताई, दिवसभराचं. मग हात मोकळे ऱ्हातात कामाला."

"समद्या खाटांचं?"

"तुमचा अभ्यास हाय म्हणून तर एकबी घर रिकामं सोडलं न्हाई. आधी सोडायचो."

दुसरी म्हणाली, "ताई डॉक्टर होणार, मग आपल्यामुळं कशाला आडायचं?"

सिस्टर हसल्या. ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. मग म्हणाल्या, "चहा घ्या गं," आणि सात नंबरच्या खाटेपाशी जाऊन चादर नीट करू लागल्या. चादर नीटच होती.

गाईडना त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. या गृहस्थांच्या केबिनमध्ये सत्काराच्या इतक्या शाली होत्या की एका वॉर्डाच्या चादरींची सोय झाली असती.

"एक पेशंट काढून टाका मॅडम. एवढ्यानं काय बिघडतं?"

"बाकीच्यांचं बघितलं कुणी पण?"

"वाढीव मुदत आधीच घेतलीय तुम्ही. सहा महिने राहिलेत. नवीन डेटा घेत बसाल तर नोंदणी रद्द होईल. वाटल्यास दोन ओळी मर्यादेत टाका."

"दोन ओळींत मुलींची नोकरी जाईल. आन् न्हाई टाकल्या तर खोटं हुतंय."

"मग टाकू नका," गाईड म्हणाले आणि फोन ठेवला.

मीही तोच सल्ला दिला, हे लिहून ठेवलं पाहिजे. म्हणालो, सगळेच असं करतात. सिस्टरनी फोन पिशवीत टाकला आणि त्या निघाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी वर्षाचे गठ्ठे बांधून कपाटात टाकले आणि पुन्हा सुरुवात केली. नव्या तक्त्यावर आधीपासून छापलेल्या वेळा नव्हत्या. घड्याळ पाहून वेळ लिहायची; आणि कूस बदलली गेली नाही तर का नाही, ते शेजारी लिहायचं. मुलींना त्यांनी सांगितलं, "रिकामं घर म्हंजे शिक्षा न्हाई. खोटं भरलेलं घर म्हंजे मातर माझी शिक्षा हाय." स्वतः चिठ्ठ्या टाकून वेळ ठरवायच्या आणि त्या वेळेला कुशी बघायला वॉर्डात हजर. सुट्टीच्या दिवशीही.

पहिले पंधरा दिवस कोणी काही लिहीना. मग लिहायला लागल्या. "दोघीच होतो." "एकटीला उचलेना." "चादर नव्हती." "नातेवाईक उसाला गेले, धरायला कोणी नाही." सिस्टर ते कागद माझ्याकडे आणून मोठ्यानं वाचायच्या आणि ओसरीवर फिरायच्या. चार दशकं मी विद्यार्थ्यांना माहिती म्हणजे काय ते शिकवलं. ती मला त्या वेड्यावाकड्या अक्षरांत पहिल्यांदा भेटली. मग त्यांनी जड माणसाला दोघींनी कसं पालटायचं, दुसरी नर्स नसेल तर शेजारच्या खाटेजवळच्या नातेवाइकाला कसं हाताशी धरायचं, ते शिकवायला सुरुवात केली.

"पाठी सुधारल्या का?" मी विचारलं.

"वाटायलंय तसं. पण अजून सांगता येत न्हाई, सर. कागद कमी हायत."

सहा महिने संपले. विद्यापीठाचं पत्र आलं, चार ओळींचं. नाव रद्द. पुढच्याच महिन्यात बदली झाली, जिल्ह्याबाहेर. निरोप समारंभ नको म्हणाल्या. तरी वॉर्डातच झाला. गाईडनी शाल पाठवली होती. ती त्यांनी थंडीनं कुडकुडणाऱ्या एका पेशंटवर तिथेच घातली. पुढे एकदोन फोन झाले, मग नंबर बदलला असावा.

परवा माझ्या मेहुण्याला लकवा झाला. त्याच वॉर्डात, भिंतीकडची खाट. दुपारी मी त्याच्यापाशी बसलो होतो. एक नवी नर्स घाईघाईनं आली. या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, धरा जरा. खांद्याखालून. मी कमरेला धरते. ओढू नका, उचला."

आम्ही त्याला डाव्या कुशीवर केलं. तिनं पाठीवरून हात फिरवला, वाकून पाहिलं, आणि खाटेला अडकवलेला तक्ता काढला. एक बाजू वेळेची, एक बाजू कारणाची. शेवटची नोंद बाराची होती.

"हा तक्ता कोणी आखला?" मी विचारलं.

"काय माहीत. मी आले तवापासून हायच."

तिनं लिहिलं: तीन दहा. शेजारी कारण लिहिलं: सात नंबरला सलाईन, एकटी होते.

"दोनची होती ना?" मी म्हणालो.

"दोनचीच होती, काका," ती पुढच्या खाटेकडे जाताजाता म्हणाली, "पण झाली आत्ता."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.