मामूंचा आजारी अजगर

शारजात माझ्या मामेसासऱ्यांइतका पाहुणचाराचा सोस असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. अबुधाबीजवळ मुसफ्फात वर्कशॉपवर फोरमन होते तेव्हाही सुट्टीला अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर यायचे ते कुणाला तरी जेवायला घेऊनच. एकदा मात्र खोका घेऊन आले. कुणीतरी गाशा गुंडाळून मायदेशी जाताना पाळलेला छोटा अजगर वर्कशॉपमागे सोडून गेला होता. मी किंचाळले, तर मामू म्हणतात कसे, "मेहमान आहे बेटा, हळू बोल." ऑफिसांचे उंबरठे झिजवून त्यांनी त्याच्या परवानगीचे कागद केले. रिटायर झाल्यावर, कायमचं दापोलीला मामींकडे जाण्याआधी, थोडे दिवस म्हणून मामू आणि अजगर दोघंही आमच्याकडे आले. माझ्या फ्रीजरमध्ये सुरमईशेजारी गोठवलेले उंदीर आले. मी नाक मुरडलं की मामू समजूत घालायचे, "अगं, दुकानातले आहेत. तुझ्या सुरमईपेक्षा महाग."

पुढे हा अजगर मान वर करून तासन्‌तास छताकडे टक लावून बसायला लागला. मामूंनी लगेच निकाल दिला, "दुआ मागतोय." झालं! बिल्डिंगभर बोभाटा. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर शेजारणी डोक्यावर ओढणी घेऊन दारात हजर. खालच्या मजल्यावरून कुणी खजूर पाठवले, जे मामूंनीच खाल्ले. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्यासमोरून जाताना मीही ओढणी सावरायला लागले. फोटो दापोलीला गेला, तेव्हा मामींचं उत्तर आलं, "त्याला सांगा, तुमच्या परतण्याची पण दुआ माग."

मग एके दिवशी त्याने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं आणि उलटा पडला. त्याला सुलटं होता येईना. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, हा विषाणूचा आजार आहे, फारसा कुणाला ठाऊक नाही. डोक्यात शिरतो, म्हणून मान अशी वर जाते. औषध नाही. तोंडाने खातोय तोवर सांभाळा, मग इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचा झोपवू. परतताना अल नहदाच्या सिग्नलला मामू म्हणाले, "आजारी होता, म्हणून तर मागत होता."

तोवर मामूंचं परतीचं तिकीट हातात आलं होतं. अजगराला विमानातून नेता येत नव्हतं. साप पाळणारे कुणी घेईनात, कारण हा रोग त्यांच्या सापांना लागला असता. मी म्हटलं, "मामू, तुम्ही निघा, मी बघते." पण आवाज असा कापला की ते हसले आणि म्हणाले, "तू उंदराला घाबरतेस, बेटा."

मामींना फोन लावला आणि जन्मभर बडबड केलेल्या या माणसाने तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे सरकवला. शेवटी मीच सगळं सांगितलं. मग मामी म्हणाल्या, "आजाऱ्याला टाकून यायचं नाही. इतकी वर्षं मी थांबलेच ना? अजून थांबते."

मामूंनी "इन्शाल्ला" म्हणून फोन ठेवला. अजगर पुन्हा उलटा पडला होता. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी सुलटा केला आणि मानेखाली तळवा धरून बसून राहिले. मला त्यांची दया आली, पण त्याहून जास्त मामींची. मामू कायमचे येणार म्हणून त्यांनी दापोलीच्या घराला नुकताच रंग लावून घेतला होता.