वाढपी

"बाबा जेवले का?"

संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी दिसलो की वहिनींचा हा प्रश्न ठरलेला. पहिल्यांदा मी गडबडलो. बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं.

"वहिनी, बाबा गेले की."

"म्हणून तर तुम्हाला विचारून राह्यले, भाऊजी. होते तेव्हा त्यांनाच विचारायचे."

आमच्या बदनापूरच्या गल्लीतला माझा वर्गमित्र शिकायला जर्मनीला गेला आणि परतला तो वहिनींना घेऊन. त्यांचे आईवडील व्हिएतनाममधून होडीत बसून निघालेले. वहिनींचा जन्म जर्मनीतला. त्यांच्या कपाटावर आजी-आजोबांचे फोटो असत. पुढं उदबत्ती, वाटीभर भात आणि आपली जालन्याची मोसंबी.

"आजोबांना मोसंबी आवडते, हे कोणी सांगितलं?" आम्ही चिडवायचो.

"परत न्हाई केली त्यांनी."

आता माझी अडचण सांगतो. वहिनी बौद्ध, आम्हीही बौद्ध. पण पित्रांना जेवू घालणं आमच्या घरात आजोबांनी धर्मांतराच्या वेळीच सोडलं. बाबा तर बजावून गेलेले, "माझ्यामागं फोटोपुढं ताट मांडलं तर याद राखा."

आणि चित्रकार असलेल्या वहिनींनी नेमकी मेलेल्यांची पंगत मांडायला घेतली. जर्मनीतल्या प्रदर्शनासाठी. पत्र्याच्या शेडमध्ये पट्ट्या अंथरल्या. त्यांवर त्यांच्या आजी-आजोबांशेजारी आमच्या गल्लीतल्या गेलेल्या माणसांचे फोटो. प्रत्येकापुढं स्टीलचं ताट, ताटात कागदाची भाकरी, कागदाचं पिठलं. एका म्हातारीला तर कागदाची तंबाखूही मिळाली. सगळ्यांनी फोटो दिले. मी दिला नाही.

त्या दिवसांत मला घरात बसवेना. स्टेशनपर्यंत जायचो आणि उगाच परत यायचो. द्यावा तर बाबांचा शब्द मोडतो. न द्यावा तर सगळी गल्ली पंगतीला आणि माझा बाप एकटा भिंतीवर. तुम्हीच सांगा, काय करायचं?

शेवटी फोटो उतरवून नेला. "तेवढं ताट मांडू नका, वहिनी," एवढंच म्हणालो. तेही मान खाली घालून.

वहिनींनी फोटोची काच पुसली. "मी नवीन आल्ते, तेव्हा जयंतीच्या जेवणात बाबा बादली घेऊन फिरत होते. 'जेवली का, पोरी?' म्हणाले. मला कळलेलं पहिलं मराठी ते."

त्यांनी फोटो पट्टीवर ठेवलाच नाही. पंगतीच्या टोकाला बांबू रोवला, माणसाच्या उंचीवर फोटो बांधला आणि खाली कागदाची वरणाची बादली टांगली.

"बाबा बसणार न्हाईत. वाढतील."

वहिनी आता जर्मनीतच असतात, आईजवळ. पंगतही तिकडंच. फाटकाशी मला कोणी काही विचारत नाही. तरी संध्याकाळी मी तिथं जाऊन उभा राहतो.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन फिरवून पंगत दाखवली. अनोळखी लोक वाकून ताटं बघत होते. टोकाला बाबा, बादलीसकट.

"बघा, भाऊजी, वाढून राह्यले."

बाबा जयंतीला सगळ्यांच्या मागून जेवायचे. कधीकधी तोवर भांडी खरवडून झालेली असायची. मला एकदम ते आठवलं, आणि कबूल करतो, तोंडून निघूनच गेलं,

"वहिनी, बाबा जेवले का?"

त्यांनी एकदा पंगतीकडं पाहिलं.

"न्हाई अजून. लोक उठायचेत."