बेटावर ठेवलेला घास

आता काय सांगू तुम्हाला, गाढवपणा करायला माणसाला घरचं अंगण पुरतं. मला त्यासाठी सात समुद्र लागले! हसा, हसून घ्या. मीही हा किस्सा हसतच सांगायला बसतो आणि मध्येच कुठेतरी गप्प होतो, तेव्हा कुणी "पुढं काय?" म्हणून घाई करू नका. घाई आणि मी, आमचं जमत नाही.

तोच माझा गुण आधी सांगून टाकतो. मी कुठंच वेळेवर पोहोचत नाही. वरात निघून गेल्यावर मी मांडवात, पंगत उठल्यावर मी पाटावर. माय म्हणायची, "लोकाइची पोरं नऊ महिन्यात येतात. तुले दहावा लागला. मी तेव्हाच समजली."

यातली एक वेळ मात्र हसण्यासारखी नव्हती.

माझा मोठा भाऊ दुलीचंद. आम्ही त्याला दादा म्हणायचो. पहिल्या महायुद्धात तो मजुरांच्या पलटणीत भरती झाला. फ्रान्सात रस्ते करायला, माती उपसायला माणसं हवी होती, आणि नवेगाव बांधाकडच्या आम्हा धानवाल्या पोवारांचा जन्मच मातीत गेलेला. दादा निघाला त्या दिवशी माय स्टेशनवर आली नाही. आपण रडू आणि पोराला अपशकुन होईल, ही भीती. तिनं तिळाच्या लाडवांचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"गाडी सुटाच्या आंदी दादाले देजो. आज तरी येळेवर जाजो, बापा."

गेलो की वेळेवर! पण वाटेत तलाव. तलावावर ढिवरांनी मोठं जाळं ओढायला घेतलेलं. म्हटलं, एवढं जाळं वर आलं की निघतो. जाळं वर आलं, मासे मोजून झाले, एक भला मोठा मासा सटकला आणि चौघं त्याच्यामागे पाण्यात पडले. तेही बघितलं. स्टेशनात शिरलो तेव्हा आमच्या छोट्या गाडीचा शेवटचा डबा वळणाआड चालला होता. खिडकीतून एक हात हलत होता. तो दादाचा होता असं मी आजवर धरून चाललो आहे.

आणि लाडवांचं काय केलं? फलाटावर बसून रडत रडत खाल्ले. सगळे! घरी येऊन सांगितलं, "देल्ले दादाले. खूश झाला."

दादा परत आला नाही. एक कागद आला. फ्रान्समध्ये तापानं गेला, एवढंच. कुठलं गाव, कुठली माती, काही नाही. त्या दिवसापासून मायनं भात सोडला.

आमच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला हवं का? दारात धानाची रास, आणि ही बाई कोदोच्या भरड दाण्याची भाकर खायची. मी समजावलं, सगळ्या सोयऱ्यांनी समजावलं. तिचं एकच. "माह्या पोराले त्या मुलखात कोणी घास देल्ला नाई. तिथं त्याचा पिंड पडल, त्याले कावळा शिवल, मंग खाईन मी भात."

नवेगावहून फ्रान्सला कोण जातो, सांगा! पंधरवड्याचा बाजार गाठायला मला दोन दिवस लागायचे. अशी बारा वर्षं गेली.

मग आमच्या मालगुजारसाहेबांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, दमा मदतीला आला. साहेबांचा मुलगा विलायतेत बॅरिस्टर. त्याच्याकडे जायचं तर साहेबांना हातची डाळ-भाजी करणारा माणूस हवा, म्हणून मी. तिथल्या डॉक्टरानं समुद्राची हवा खायला सांगितली. मुलानं आम्हा दोघांना एका हौसेच्या बोटीवर बसवून दिलं. अशी बोट मी कधी ऐकलीही नव्हती. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही, नुसतं एकेका बंदरात एकेक दिवस उतरायचं आणि परत यायचं! आमच्याकडे अशा माणसाला रिकामटेकडा म्हणतात.

जुलै संपत आला होता. साहेबांनी सकाळी सांगितलं, "किसन, आज फ्रान्सच्या अगदी शेवटच्या गावात उतरायचं आहे. मधे नदी, पलीकडे स्पेन. सहाला बोट सुटेल."

मी हातातली पळी बाजूला ठेवली.

मायनं निघताना घरच्या धानाच्या बांधीतले मूठभर तांदूळ, तीळ आणि दर्भ एका फडक्यात बांधून दिले होते. ते काढले. भात केला, तीन पिंड वळले, डब्यात ठेवले. साहेबांना सगळं सांगितलं. ते कडक माणूस, पण म्हणाले, "मी वाळूवर खुर्ची टाकून बसतो. तू जा. आणि किसन, आज तरी..."

"येतो, साहेब. येळेवर येतो!"

तर ते बास्क लोकांचं गाव. त्यांची बोली ना फ्रान्सची ना स्पेनची, त्यांची स्वतःची. मला बुचकळ्यात पडायचं कारण नव्हतं. आमच्या गोंदियाच्या बाजारात माणूस हिंदीत भाव करतो, पोवारीत शिव्या देतो आणि शेजारी कुणीतरी गोंडीत हसत असतो. पण बैल बघितले आणि मी थांबलो. जू मानेवर नाही, शिंगांना बांधलेलं! आणि कपाळावर मेंढीचं कातडं, नवरदेवाला बाशिंग बांधावं तसं. शेतकऱ्याचा पाय तिथून हलेल का? तासभर गेला त्यात.

मग समुद्राकाठी आलो तर ही गर्दी! बाया-पुरुष उघडेवाघडे, हसताहेत, चेंडू फेकताहेत. इथं मी ओलं धोतर नेसून दादाचं नाव घेऊ? छे! मला वाहती नदी हवी होती आणि एकांत.

नदीवर गेलो. एक म्हातारा होडीवाला, डोक्यावर चपटी काळी टोपी, जाळं शिवत बसला होता. जाळं शिवणारा माणूस मला कुठंही घरचा वाटतो. पाण्याच्या मधोमध दूर एक हिरवं बेट दिसत होतं. झाडं, शांतता, माणूस नाही. मी बोट दाखवलं.

"फ्रान्स?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. आधी नाही, मग हो. मग पुन्हा नाही. मग एक बोट वर केलं, तळहात गालाला लावून झोपेचं सोंग केलं, आणि जोरात म्हणाला, "फ्रान्स!"

मी काय समजलो? म्हाताऱ्याला एक डुलकी काढायची आहे, मग नेतो म्हणतो! मी हात जोडले. "बावा, झोप मंग काढजो. मले उशीर होऊन राहिला." त्यानं खांदे उडवले आणि वल्ही उचलली.

बेटावर उतरलो. नदीत बुडी मारली, ओल्या धोतरानं बसलो, जमेल तसं दादाचं नाव, गोत्र म्हटलं. तीळ-पाणी सोडलं. पिंड दगडावर ठेवले आणि हात जोडून मागं सरलो.

आता कावळा.

कावळा नाही! आकाशात पांढरे समुद्रपक्षी, एकेक कोंबड्याएवढा. ते झेपावले. मी साहेबांची छत्री घेऊन धावलो. "हट्! तुमच्यासाठी नाही!" म्हातारा बघत राहिला. जेवण मांडायचं आणि खाणाऱ्याला हाकलायचं, हा कुठला धर्म? पण तो भला माणूस. त्यानंही एक वल्हं घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं पक्षी हाकलायला लागला.

एक तास, दोन तास. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली. मग आपण वचन द्यायचं असतं. मी सुरू झालो. "दादा, मायले सांभाळीन." कावळा नाही. "दादा, तुझी बैलजोडी म्हातारी झाली तरी विकली नाई, अन् विकणार नाई." नाही. "दादा, तुझी कुऱ्हाड मीच हरवली होती." नाही! बारा वर्षांतलं सगळं कबूल केलं. सूर्य कलायला लागला. शेवटी एकच उरलं होतं, आणि ते दादाला ठाऊकच असणार.

मी गुडघ्यावर बसलो. "दादा, तुझे लाडू मी खाल्ले. मी जाळं पाहात राहिलो. तू खिडकीतून पाहात असशील. मले माफ कर, एक घास घे. तुझ्यासाठी माय भात खात नाई."

त्यानंतर मी रडलो. छत्री हातातच होती.

डोळे पुसले तर समोर एक शिपाई. होडीतून कधी उतरला कळलंच नाही. डोक्यावर लाखेसारखी चकचकीत काळी टोपी. नदीच्या या काठाचा माल चोरून त्या काठाला नेणारे तिथं बरेच, हे मला मागाहून कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि वाकून एक पिंड उचलला. फोडला. आत काही लपवलंय का बघितलं. वास घेतला. आणि मी ओरडेपर्यंत तुकडा तोंडात टाकला!

"अहो, ते दादाचं आहे!"

म्हातारा होडीवाला पुढे आला. मी मघाशी खुणांनी त्याला सांगितलं होतं: मोठा भाऊ, हातात फावडं, मग मिटलेले डोळे. त्यानं आपल्या बोलीत शिपायाला काहीतरी हळू सांगितलं. शिपाई तसाच उभा. घास ना गिळवे ना थुंकवे. मग त्यानं तो गिळला. ती काळी टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उभा राहिला. म्हाताऱ्यानंही टोपी काढली. नदीचा आवाज तेवढा येत होता.

काळं डोकं, अचानक आला, पिंडाला शिवला. आणखी काय हवं? मी मनात म्हटलं, दादा आला.

शिपायानंच मला आपल्या होडीतून धक्क्यावर सोडलं. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी बोटीवर पाय ठेवला. जन्मात पहिल्यांदा!

साहेबांना सगळं सांगितलं. ते बोटीवर वाटलेलं एक पुस्तक चाळत होते. चाळता चाळता थांबले. एक पान दोनदा वाचलं.

"किसन, ते बेट दोन्ही देशांचं आहे. सहा महिने स्पेनचं, सहा महिने फ्रान्सचं. आलटून पालटून."

"मग आज कोणाचं, साहेब?"

"एक ऑगस्टपासून फ्रान्सचं."

"आज तारीख?"

"एकतीस जुलै."

आणि मग मला म्हाताऱ्याची ती खूण कळली. एक बोट, एक झोप, मग फ्रान्स. उद्या! बिचारा उद्या म्हणत होता! सकाळी तासभर मी फ्रान्सच्या मातीवर उभा राहून बैल बघत होतो, आणि पिंड मात्र होडी करून स्पेनमध्ये ठेवून आलो. साहेब हसायला लागले, माझं तोंड बघितलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

घरी पोहोचेपर्यंत लवकर येणारा हलका धान कापून झाला होता. मायनं मला बसू दिलं नाही. "शिवला का रे कावळा?"

"शिवला."

"कसा होता?"

"मोठा होता. डोकं चकचकीत काळं."

ती चुलीकडे वळली आणि तांदूळ धुवायला घेतले. बारा वर्षांनी तिचे हात स्वतःसाठी तांदूळ धूत होते. मला ते बघवेना. खोटं एकदा पचलं होतं, दुसऱ्यांदा पचेना. बेट, शिपाई, तारीख, सगळं सांगून टाकलं. लाडूही.

माय तांदूळ धूतच राहिली. "लाडवाचं मले माहीत होतं. तुह्या सदऱ्याले तीळ लागले होते."

"काऊन नाई बोलली मंग?"

"एक पोरगा गेला होता. दुसऱ्याले काऊन रडवू?" तिनं भांडं चुलीवर ठेवलं. "आता कोणाचं हाय ते बेट?"

"आता फ्रान्सचं."

"मंग झालं. माह्या दुल्याले सबुरी होती, एक दिवस थांबला असन." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पन तू बी का मानूस हाय रे! गाडीवर उशिरा गेला, घास द्याले एक दिवस आंदी. भावाची येळ तुले कधी सापडलीच नाई."

हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. मी परसात गेलो, पाय धुतो म्हणून. तिथं भिंतीला टेकून किती वेळ उभा होतो, कुणास ठाऊक. मायची हाक आली.

"किसन, भात निवून राहिला!"

"आलोच!" म्हटलं.

आत गेलो तेव्हा भात पार गार झाला होता. बारा वर्षांनी माय ताटावर बसली होती, आणि पहिल्या घासासाठी माझी वाट बघत होती.