शेवटच्या बॉसला मारायचं नाही

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. घासलेली ताटं एकावर एक ठेवत गेलं की संध्याकाळी जशी चळत दिसते, तसे ते साठत जातात. आमच्या कापूरहोळच्या धाब्यावर ते जरा जास्तच साठलेत, कारण तिथं हात धुवायच्या बेसिनशेजारी कपाटाएवढं एक व्हिडिओ गेमचं मशीन उभं आहे.

मी शीतल. किकवीची, बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देत देत आत्याच्या धाब्याचं काउंटर सांभाळणारी. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातला ग्लास खाली पडतो. आणि मला बसवलंय कुठं? हायवेच्या कडेला, जिथं दिवसभर ट्रक हॉर्न मारतात! आता बोला.

मशीन आणलं मनोजदादानं. त्याचं गॅरेज धाब्याला लागूनच आहे. पुण्यातलं कुठलंसं गेम पार्लर बंद झालं, तिथनं त्यानं ते भंगारात उचललं आणि खटपट करून चालू केलं. खेळ सोपा. स्क्रीनच्या खालच्या बाजूला आपलं विमान. जमीन आपोआप वरून खाली सरकत राहते, ती काही थांबत नाही. वरून शत्रूची विमानं, बोटी, रणगाडे येत राहतात. एका बटणानं गोळी, दुसऱ्यानं बॉम्ब. बॉम्ब टाकला की स्क्रीनवरच्या सगळ्या गोळ्या एका दमात साफ आणि शत्रूलाही दणका, पण बॉम्ब मोजकेच मिळतात.

मला त्या मशीनची आधी भीतीच वाटायची. मग लक्षात आलं, अख्ख्या जगात हीच एक जागा आहे जिथं दचकण्यासाठी वेगळं बटण ठेवलंय, बॉम्बचं!

* * *

नाणं टाकायची फट मोडलेली होती. मनोजदादानं तिथली वायर काढून आत्याच्या काउंटरवर घराच्या बेलचं बटण बसवलं. ते दाबलं की एक डाव मिळतो. बटण आत्याच्या हातात गेल्यावर नियमही आत्याचाच. जो ताट स्वच्छ करील, त्याला एक डाव. ताटात अन्न टाकणारा माणूस आत्याला डोळ्यांसमोर नको असतो.

एक ट्रकवाला रोज कारल्याची भाजी बाजूला सारायचा. आत्या ताटाकडं बघायची आणि बटणावरचा हात काढून घ्यायची. शेवटी एक दिवस त्यानं डोळे मिटून, पाण्याच्या घोटाबरोबर सगळं कारलं गिळलं.

"कसं झालंय?" आत्यानं कौतुकानं विचारलं.

"ते नंतर सांगतो आक्का, आधी बटण दाबा!"

* * *

उन्हाळा तोंडावर आला आणि आत्याला आइस्क्रीमचा डीप फ्रीजर ठेवायची हुक्की आली. जागा एकच होती. मशीनची!

"आत्या, अगं असं नको ना करूस," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, पण तो नेहमीच कापतो, त्यामुळे परिणाम शून्य.

"भंगारवाल्याला देणार म्या," आत्या म्हणाली. "पण अर्धवट टाकलेलं मला चालत न्हाई. मग ते ताटातलं असू दे, न्हाईतर खेळातलं. कुणीतरी एकदा शेवटापतुर जा. खेळ संपला की त्याच दिवशी उचला."

मनोजदादानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तो एकटाच शेवटच्या बॉसपर्यंत, म्हणजे ज्याला मारलं की खेळ संपतो त्या सगळ्यांत मोठ्या शत्रूपर्यंत, पोचायचा. त्या दिवसापासून कापूरहोळात शेवटचा बॉस अमर झाला. मनोजदादा त्याला मरायच्या बेतात आणायचा आणि मग जॉयस्टिकवरचा हात काढून आरामात चहा प्यायचा. विमान फुटलं की मोठ्यांदा म्हणायचा, "अरेरे! थोडक्यात गेलं, आत्या!"

"जीव लावून खेळत न्हाईस तू," आत्या म्हणायची.

* * *

तात्या आंबवड्याचे. गाडीची वाट बघत धाब्यावर बसतात, चहा पितात आणि गेम खेळतात. त्यांना आत्याचं बटण लागत नाही. कारण कुणी खेळत नसलं की मशीन स्वतःच खेळून दाखवतं, आणि तात्या त्याच वेळी जॉयस्टिक धरून डावी-उजवीकडं हिसके देतात.

"लई भारी हात आहे तुमचा," मनोजदादा म्हणायचा.

"हात हाय रं, पण नशीब न्हाई," तात्या म्हणायचे. "रोज त्या पुलापाशीच घात हुतोय बघ!"

मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "तात्या, ते विमान मशीन चालवतं. तुम्ही नाही."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पुलापाशी फुटलेल्या विमानाकडं.

"मग चूक त्याची झाली ना!" म्हणाले, आणि निर्धास्तपणे पुन्हा जॉयस्टिक धरली.

* * *

या खेळातलं एक गुपित मनोजदादानं मला सांगितलं होतं. गोळी पंखाला लागली, शेपटीला लागली तरी विमान फुटत नाही. मधोमध एक बारीक ठिपका असतो, तेवढाच खरा जीव. बाकी नुसती शोभा.

"गोळ्यांतनं असं आरपार निघायचं," तो म्हणाला. "ठिपका सांभाळ, पंख विसर."

हे तत्त्वज्ञान डोक्यात असतानाच त्यानं एका गिऱ्हाइकाचा टेम्पो धाब्याच्या फाटकातून मागं घेतला. खण्णकन आवाज झाला. मी अर्थातच ओरडले. टेम्पोचा आरसा जमिनीवर!

आत्या बाहेर आली. तिनं आधी मनोजदादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मधला ठिपका शाबूत हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग आरसा भरून दे त्याचा."

* * *

माझा एक इंटरव्ह्यू झाला पुण्यात. समोर तीन साहेब. पहिलाच प्रश्न आला आणि मागं दार धाडकन आपटलं. माझा हात आपोआप बॉम्बवर गेला! बॉम्ब कुठला असणार तिथं? टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी होती. मी ती जोरात दाबली.

शिपाई धावत आला. साहेबांनी एकमेकांकडं बघितलं. एकाला काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून तो म्हणाला, "चार चहा."

नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच. घरी येऊन मी रडले. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"चहा पूर्ण प्यालीस ना?"

* * *

वेल्ह्याकडचं एक स्थळ आलं होतं. पाहुणे धाब्यावरच जेवले. मुलगा शिकलेला, दिसायला बरा, ताटही चकचकीत केलेलं! आत्या खूश. तिनं लाडानं दोनदा बटण दाबलं. "खेळा दोघं जोडीनं!"

खेळताना मधेमधे चकाकणारे चौकोन खाली येतात. ते उचलले की बंदूक दुप्पट होते, चौपट होते. दोघं असले की वाटून घ्यायचे असतात. मुलानं पहिला चौकोन घेतला. दुसरा घेतला. माझ्या अगदी नाकासमोरचा तिसरा, आडवं विमान घालून घेतला. त्याच्या बंदुकीतून गोळ्यांचा पंखा सुटत होता आणि माझ्याकडं सुरुवातीची फुसकी टिकटिक. मी मेले. तो म्हणाला, "तुम्ही जरा नीट खेळायला पाहिजे होतं."

पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय कळवायचं त्यांना?"

आत्या काउंटरवरून म्हणाली, "न्हाई म्हणून कळव. समदी पावर एकटाच खातोय!"

* * *

आणि मग परवाची गोष्ट. भर दुपार, धाबा गच्च. मनोजदादा शेवटच्या बॉसला मरायला टेकवून उभा होता, तेवढ्यात गॅरेजवर पंक्चर झालेला एक गाडीवाला बोंबलत आला.

"शितले, पकड!" त्यानं जॉयस्टिक माझ्या हातात दिली. "तुला काही करायचं नाही. नुसतं मर."

एवढं साधं काम! मी विमान स्क्रीनच्या मधोमध उभं केलं आणि श्वास रोखून गोळी लागायची वाट बघत राहिले. गोळ्या आल्या. डावीकडनं, उजवीकडनं, फुलासारख्या उमलत आल्या, आणि पंखांना घासून निघून गेल्या. ठिपक्याला एक लागेल तर शपथ!

"मर की!" बाकावरून तात्या कुजबुजले.

"मरतेय हो तात्या, मरतेय!"

तेवढ्यात भोरहून आलेल्या एस्टीच्या ड्रायव्हरनं अगदी दारात येऊन हॉर्न मारला.

मी उडाले. अंगठा बॉम्बवर!

स्क्रीन पांढरी झाली. बॉसचे तुकडे पडायला लागले, पडतच राहिले. मनोजदादा हातात ट्यूब घेऊन दारात उभा. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली.

"काय लिवलंय?" तात्यांनी विचारलं.

"अभिनंदन," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या हात पुसत आली. "संपलं?" तिनं मोबाईल काढला. "हॅलो, फ्रीजरवाले का? हां, कापूरहोळवरनं बोलतेय..."

अक्षरं विरली. स्क्रीन काळी झाली. मग निळी. तोच पहिला समुद्र, तीच पहिली बोट, आणि खालून आमचं विमान पुन्हा हळूहळू वर आलं. फक्त आता साध्या बोटीसुद्धा बॉससारख्या गोळ्या सोडत होत्या.

आत्या मोबाईल कानाला लावून बघत राहिली. बराच वेळ.

"न्हाई, ऐकतेय म्या," ती फोनवर म्हणाली. "फ्रीजर नका पाठवू. अवो, जागा रिकामी न्हाई. ताट पुन्यांदा वाढलंय!"

मग तिनं मोबाईल कमरेला खोचला आणि माझ्यावर खेकसली, "रडतीस काय? आली बघ बोट! टाक की बॉम!"