आमच्या आई किडामुंगी मारत नाहीत

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एक डाससुद्धा मारलेला नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि पहिल्या भेटीतच सांगतात. मिरजेच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं, दोन मुलं वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं. पण इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला कुणाकडे गेलो आणि ओळख करून दिली की आधी हेच. "मी पद्मिनी. मी किडामुंगी मारत नाही हो." समोरच्या काकू भक्तिभावाने मान हलवतात. मी मागे उभी राहून गप्प बसते, कारण आमच्या घरातली किडामुंगी कोण मारतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी मारते. सासरे गेले आणि आई कायमच्या आमच्याकडे आल्या, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून सिंकखालचं झुरळ, गराजमधला उंदीर, खिडकीतली गांधीलमाशी, सगळं माझ्याकडे. "आश्लेषा, पाच मिनिटं ये गं," अशी एका ठरावीक सुरात हाक येते. मी मीटिंग म्यूट करून चप्पल उचलते. आई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात आणि विचारतात, "झालं का?" त्यांचा मुलगा सिद्धेश यावर हसतो. मला हसू येत नाही. पुण्य त्यांचं आणि चप्पल माझी, हा कुठला न्याय?

मागच्या वर्षी त्यांनी मागच्या अंगणात वाल लावला आणि त्यावर मावा पडला. औषध फवारायचं नाही, ते मारणंच झालं. मग सिद्धेशने इंटरनेटवर वाचून मँटिसची, म्हणजे मावा खाणाऱ्या नाकतोड्यासारख्या हिरव्या किड्याची, अंडी मागवली. वाळक्या फेसासारखा एक तपकिरी गोळा आला. आईंनी तो स्वतःच्या हाताने वेलाला बांधला. उन्हाळ्यात त्यातून शे-दोनशे हिरव्या काड्या बाहेर पडल्या आणि मावा संपला. "निसर्ग बघतो आपलं आपण," आई म्हणाल्या. म्हणजे मेलेलं चालतं, फक्त आपला हात नको. हे मी मनात म्हटलं.

अनिका, आमची नऊ वर्षांची मुलगी, हिने त्याच सुमारास घरामागच्या लाकडी डेकवर हमिंगबर्डसाठी फीडर टांगला. लाल बाटली, खाली प्लास्टिकची फुलं, आत साखरेचं पाणी. पहिला पक्षी आला तेव्हा आई ओरडल्या, "अगं बाई, केवढा हा भुंगा!" भुंगा नव्हे, अंगठ्याएवढा पक्षी, हे पटायला त्यांना आठवडा लागला. एकदा पटल्यावर मात्र त्यांनी डेक सोडला नाही. सप्टेंबर लागला, नर निघून गेले, माद्या आणि पिल्लं राहिली. रोज सकाळी शाल गुंडाळून आई खुर्चीत, आणि त्यांच्या पुढ्यात अनिकाची वही. आज किती आले, किती वाजता आले, सगळं त्यात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकच मादी उरली. अनिकाने आजीला सांगितलं की हे पक्षी इथून थेट मेक्सिकोकडे जातात, वाटेत समुद्र लागतो, आणि काही तर तो एका दमात ओलांडतात. आई हबकल्या. "एवढ्याशा जिवाने? समुद्र? न टेकता?" अनिका म्हणाली, "यस आजी. सो शी हॅज टू गेट फॅट फर्स्ट." झालं. ती मादी जाड होऊन थंडीआधी निघाली पाहिजे, हा आईंचा एककलमी कार्यक्रम ठरला. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, दर दोन दिवसांनी बाटली उकळत्या पाण्याने धुवायची. माझ्या चहात कधी इतक्या प्रेमाने साखर पडली नाही, पण ते असो.

त्याच आठवड्यात फीडरच्या दांडीवर एक मँटिस येऊन बसली. वालावर वाढून आता बोटापेक्षा लांब झालेली, पोट फुगलेलं, पुढचे पाय छातीशी जोडलेले. मी म्हटलं, "आई, हिला काढून टाकते." त्या म्हणाल्या, "नको गं, हात जोडून बसलीय बिचारी. कुणाचं काय घेते?" अनिका वहीतून मान वर न करता म्हणाली, "आजी, दे ईट बर्ड्स टू." आम्ही दोघी हसलो. किडा पक्ष्याला खातो म्हणे! उद्या मुंगी हत्ती गिळेल. आमचं दोघींचं एकमत होणं दुर्मीळ, आणि झालं ते नेमकं इथे.

शनिवारी सकाळी मी थालीपीठ थापत होते. बाहेरून आवाज आला. नेहमीची हाक नव्हती, शब्दच नव्हते. मी पिठाच्या हाताने धावले.

मँटिस मागच्या पायांनी फीडरला उलटी लटकली होती आणि तिच्या काटेरी पुढच्या पायांत आमची मादी होती. मान पकडलेली, चोच आभाळाकडे. पंख फडफडत होते, थांबत होते, पुन्हा फडफडत होते. मँटिसचं तोंड पक्ष्याच्या डोक्यापाशी होतं आणि ते हलत होतं. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. किडा पक्ष्याला खात होता. आमच्या डेकवर, आमच्या साखरेच्या पाण्याखाली, शांतपणे.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ होती. पण चप्पल मारली तर पक्षीही मेला असता, आणि त्या जिवंत गुंत्यात बोटं घालायची माझी छाती होईना. मी म्हटलं, "आई, मला नाही जमणार."

मग जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. आईंनी शाल टाकली, खुर्चीवर चढल्या, एकाहत्तराव्या वर्षी, आणि दोन बोटांत मँटिसची मान धरून मोडली. टाका तोडावा तशी. कट्ट असा आवाज आला. मग तिचे काटे एकेक करून पिसांतून सोडवले. डोकं तुटलं तरी ते पाय ओढत होते. आई भिंतीकडे वळल्या नाहीत. शेवटपर्यंत पाहत होत्या.

पक्षी शालीत पंधरा मिनिटं पडून होता. डोक्यावरची थोडी पिसं गेली होती, रक्ताचा एक ठिपका होता. अनिकाने फीडर काढून चोचीपाशी धरला. आधी काही नाही. मग घशाशी हालचाल झाली, आणि पुढच्या क्षणी शाल रिकामी होती. "आजी, यू सेव्ड हर!" अनिका नाचायला लागली. आई आत जाऊन हात धूत राहिल्या, मी नळ बंद करेपर्यंत.

मादी सोमवारपर्यंत येत राहिली, अधाशासारखी पीत राहिली. मंगळवारी आली नाही, बुधवारीही नाही. अनिकाने वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, गेली. मला वाटलं आई आता सगळ्यांना सांगत सुटतील. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांचं जेवण मात्र निम्म्यावर आलं.

गुरुवारी दुपारी हाक आली. "आश्लेषा, पाच मिनिटं ये गं." मी चप्पल घेऊनच गेले. वालाच्या वाळक्या वेलावर तसाच तपकिरी गोळा चिकटला होता, ताजा. त्या मँटिसने मरण्याआधी घातलेली अंडी.

"पुढच्या वर्षी पुन्हा पक्षी येतील," आई म्हणाल्या.

मी कात्री आणायला वळले, तर कात्री त्यांच्याच हातात होती. "तू नको. मी करते. तू नुसती जवळ उभी राहा." त्यांनी काडी कापली, गोळा फरशीवर ठेवला, वर वीट ठेवली आणि विटेवर उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्यांचा दंड धरला.

"दोनशे असतील ना गं?"

"असतील."

बराच वेळ त्या विटेवरून उतरल्या नाहीत.

"मिरजेला उंदराचा पिंजरा बादलीत बुडवायला मी तुझ्या सासऱ्यांना सांगायचे," त्या म्हणाल्या. "आतून दार लावून घ्यायचे मी. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. दर वेळी. चाळीस वर्षं."

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

"मला वाटायचं पोट बिघडलंय," आई म्हणाल्या. "मी त्यांना ओवा द्यायचे."