डबीवर सोपवलेली हाक

अक्सेनिया इटलीतल्या पादोव्हाहून कायमची परत आली, तेव्हा तिच्याकडे दोन गोष्टी जास्तीच्या होत्या: झिजलेले गुडघे आणि अस्खलित इटालियन. अठरा वर्षं तिने तिकडे परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली, त्यांना घास भरवले, रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. इकडे मोल्दोव्हात, टेकडीच्या उतारावरच्या घरात, तिचा नवरा सिमियोन एकट्याने द्राक्षमळा सांभाळत राहिला. तिच्या कमाईतून घरावर नवं छप्पर चढलं. मुलगी कोरिना मोठी झाली आणि तीही पादोव्हालाच गेली. आमच्या गावात यात नवल काहीच नाही. अर्धं गाव तिकडे आहे आणि उरलेलं अर्धं त्यांच्या फोनची वाट पाहत असतं.

दर रविवारी तिकडून मिनीबस येते, खोकी घेऊन. उन्हाळ्यात कोरिनाने अशाच एका खोक्यातून बोलणारा स्पीकर पाठवला. संत्र्याएवढी गोल डबी. मॉडेल जुनं झालं म्हणून दुकानाने सेलमध्ये निम्म्या किमतीला काढलं होतं. डबीला इटालियन येत होतं, जर्मन येत होतं, आमची भाषा तेवढी येत नव्हती. सिमियोनने पहिल्याच दिवशी तिला हवामान विचारलं. ती गप्प. त्याने बहिऱ्याला विचारावं तसं ओरडून विचारलं. तरी गप्प.

"निम्म्या किमतीत निम्मीच अक्कल मिळणार," तो म्हणाला. "माझ्याच स्वयंपाकघरात मला दुभाषा लागतो म्हणजे कमालच झाली. कानामागून आली आणि तिखट झाली."

"तुझ्या शिव्या तिला कळत नाहीत हे तुझं नशीब समज," अक्सेनिया म्हणाली.

तिला डबी आवडली होती, खरं सांगायचं तर जरा जास्तच. रक्तदाबाच्या गोळीची वेळ डबी सांगायची, हात पिठात असताना कोरिनाला फोन लावून द्यायची, चष्मा शोधायला नको की बटणं दाबायला नको. आणि केवढी अदब! "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" पादोव्हात अठरा वर्षांत कुठल्या मालकिणीने तिला असं विचारलं नव्हतं. अधूनमधून वीज गेली की डबी रुसून बसायची, टीव्हीवर कुणी बोललं की मध्येच उत्तर द्यायची. तेवढं ती चालवून घ्यायची.

ऑक्टोबर लागला. द्राक्षं तुडवून झाली आणि सगळ्यांच्या तळघरात पिंपांमधला रस फसफसू लागला. हे दिवस वाईट. त्या रसातून निघणारी हवा जड असते, खाली जमिनीशी साचून राहते, आणि माणूस कधी पडला हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे: एक जण खाली उतरतो, दुसरा वर दाराशी थांबतो आणि सारखी हाक मारत राहतो. खालून ओ आली पाहिजे. नाही आली तर काहीही झालं तरी मागोमाग उतरायचं नाही. दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीत बापामागे लेक उतरला, आणि त्या घरातून दोन शवपेट्या निघाल्या.

पण दाराशी उभं राहायचं म्हणजे अक्सेनियाचे गुडघे ठणकायचे, आणि चुलीवर हिवाळ्यासाठी उकळत ठेवलेल्या मिरच्यांच्या बरण्या असायच्या. तिने डोकं चालवलं. स्वयंपाकघराची खिडकी तळघराच्या दारासमोरच होती. डबीला सांगायचं, दर पाच मिनिटांनी घंटा वाजव. घंटा वाजली की खिडकीतून हाक. चार दिवस हे बिनबोभाट चाललं.

"सिमियोन!"

"आहे गं बाई, जिवंत आहे! एवढ्यात दुसरा नवरा बघू नकोस!"

पाचव्या दिवशी दुपारी तो रस हलवायला खाली गेला. घंटा वाजली, तिने हाक मारली, त्याने शिवी दिली, म्हणजे सगळं ठीक होतं. मग स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकला, गेला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत आला. तिने तिकडे लक्षही दिलं नाही. मिरच्यांच्या बिया काढल्या, बरणी भरली, झाकण आवळलं, दुसरी घेतली. तिसरी बरणी हातात घेताना तिला एकदम वाटलं की आज पाच मिनिटं फार लांबली.

"घंटेला किती वेळ आहे अजून?" तिने विचारलं.

"सध्या एकही घंटा लावलेली नाही," डबी गोड आवाजात म्हणाली.

दिवा गेला त्या क्षणात डबी घंटा विसरून बसली होती. तिने खिडकी उघडून हाक मारली. ओ आली नाही. ती अंगण ओलांडून गेली. गुडघ्यांनी ते अंतर कसं कापलं देव जाणे. तळघराच्या दारातून खाली पाहिलं. पायऱ्यांच्या तळाशी सिमियोनच्या मोबाइलचा दिवा छताकडे तोंड करून जळत होता. शेजारी त्याचा बूट दिसत होता, आणि बुटात पाय होता.

"सिमियोन! अरे मुडद्या, ओ दे!"

तिचा एक पाय पहिल्या पायरीवर गेलाही. तिथे तो पाय तिने कसा थांबवला हे तिचं तिलाच माहीत. बारा पायऱ्या. खाली जाऊन त्याला उचलता आलं नसतं, त्याच्या शेजारी पडता आलं असतं. तिने दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि कुंपणाकडे तोंड करून बोंब ठोकली. सगळं गाव मळ्यात होतं. उत्तर दिलं ते फक्त कुत्र्यांनी. आणि घरातला एकमेव मोबाइल खाली जळत होता.

ती परत स्वयंपाकघरात आली.

"एकशे बाराला फोन लाव!"

"माफ करा, तातडीच्या क्रमांकांना मला फोन लावता येत नाही. आणखी काही मदत करू का?"

ती बरणी डबीवर फेकणार होती. हात वर गेलाच होता.

"कोरिनाला लाव. कोरिनाला!"

रिंग गेली. एक, दोन, तीन. कोरिना लाँड्रीत कामावर होती, मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आई, मी कामात—"

"बाप तळघरात पडलाय. वालेरीयूला फोन कर. दोर आण म्हणावं. एकशे बाराला पण कर."

कोरिनाने एकही प्रश्न विचारला नाही. आमची मुलं कुठेही गेली तरी ऑक्टोबरात तळघरात पडणं म्हणजे काय ते त्यांना कळतं. अक्सेनियाने पलंगावरची लोकरी चादर ओढली, तळघराच्या दाराशी बसली आणि दोन्ही हातांनी खाली वारा घालायला लागली. हात भरून आले तरी ती वारा घालत होती. तोंडाने प्रार्थना चालू होती की शिव्या, ते तिला नंतरही आठवेना.

शेजारचा वालेरीयू मळ्यातून ट्रॅक्टर उडवत आला, मागे त्याचा भाऊ.

"मावशी, बाजूला हो! किती वेळ झाला?"

तिला सांगता आलं नाही. तेच तर तिला माहीत नव्हतं. वालेरीयूने कमरेला दोर बांधला, छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. भावाने दोर धरला. अक्सेनिया मोठ्याने आकडे मोजू लागली. एकोणिसाव्या आकड्याला दोराला हिसका बसला, आणि वालेरीयू सिमियोनला काखेत धरून मागे मागे चढत आला.

सिमियोन गवतावर पडला होता, निळसर पडलेला, तोंडाला फेस. खाली तो पायऱ्यांवरच कोसळला होता, पाय तळाशी आणि डोकं खालून तिसऱ्या पायरीवर. तेवढ्याने तो वाचला. अक्सेनियाने त्याला कुशीवर वळवलं, पादोव्हात कितीदा वळवलं होतं तसं, आणि छातीवर हात ठेवून बसली. बऱ्याच वेळाने तो खोकला, ओकला, आणि डोळे उघडून तिच्याकडे पाहू लागला.

"मेणबत्ती कुठे होती तुझी?" ती किंचाळली. "मेणबत्ती विझली की पळायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे! मोबाइलचा दिवा विझतो का रे?"

"एकटा होतो तेव्हा न्यायचो," तो तुटक तुटक म्हणाला. "अठरा वर्षं. रोज. आता वर तू असतेस ना."

वालेरीयू तोंड फिरवून दोर गुंडाळायला लागला.

रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना अक्सेनियाला आतून कोरिनाचा आवाज ऐकू आला. वालेरीयूला सांगून झाल्यावर पोरीने पुन्हा डबीवर फोन लावला होता, डबीने तो आपणच उचलला होता, आणि ती रिकाम्या स्वयंपाकघराला "आई, आई" म्हणून हाका मारत होती. अक्सेनिया भिंत धरून आत गेली.

"आहे गं. शुद्धीवर आलाय."

कोरिना हमसून रडली. मग नाक ओढत म्हणाली, "काय म्हणतायत बाबा?"

"माझ्या भरवशावर खाली गेला होता," अक्सेनिया म्हणाली. "एवढंच म्हणतोय."